बल, वस्तुमान आणि त्वरण यांचा ट्रॉली-संच: वापरानंतरचा अभिप्राय

‘बल = वस्तुमान × त्वरण’ हे सूत्र ज्याला तोंडपाठ आहे, तो विद्यार्थीही त्यातले वस्तुमान नेमके कशाचे घ्यायचे असे विचारल्यावर अनेकदा अडखळतो. ही अडचण हाताने प्रयोग करूनच सुटते, असे माझे मत असल्यामुळे मी हा संच घेतला. त्यात एक मीटर लांबीची धावपट्टी, ५०० ग्रॅमची ट्रॉली, कप्पी, दोरा, १० ग्रॅमची पाच वजने आणि वेळ नोंदवणारे दोन फोटोगेट आहेत.

ट्रॉलीची चाके अतिशय हलकी फिरतात. दोऱ्याच्या टोकाला ५० ग्रॅम लटकवले की ओढणारे बल ०.०५ × ९.८, म्हणजे ०.४९ न्यूटन होते. इथपर्यंत माहितीपुस्तिका बरोबर आहे; पुढे मात्र ती या बलाला ट्रॉलीच्या ०.५ किलोग्रॅमने भागून त्वरण ०.९८ मीटर प्रति वर्ग सेकंद काढते, आणि ही चूक गंभीर आहे. लटकलेली वजनेही ट्रॉलीइतक्याच त्वरणाने खाली येत असतात, म्हणून भागाकार ०.५५ किलोग्रॅमने करायला हवा आणि उत्तर ०.८९ यायला हवे. दोऱ्यातला ताणसुद्धा त्यामुळेच ०.४९ न भरता सुमारे ०.४५ न्यूटन भरतो.

मला प्रत्यक्षात ०.८६ मिळाले. पुस्तिकेवर विसंबणाऱ्याला येथे १२ टक्क्यांची तफावत दिसेल आणि तो तिचा सगळा दोष घर्षणावर ढकलेल. वास्तविक घर्षण जेमतेम ०.०१७ न्यूटन आहे. पायांच्या स्क्रूने धावपट्टीचे मागचे टोक साधारण साडेतीन मिलिमीटर उचलले, तेव्हा तेही भरून निघाले आणि त्वरण ०.८९ वर आले.

संचातली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे ट्रॉलीवरच्या खुंट्या. तीन वजने दोऱ्यावरून काढून या खुंट्यांत अडकवली की एकूण वस्तुमान तेच राहते, बल मात्र दोन पंचमांश होते, आणि त्वरणही ०.३६ पर्यंत उतरते. बल आणि त्वरण यांचे समप्रमाण इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी रचना मी हाताळलेली नाही.

टोकाचा रबरी अडथळा कमकुवत असल्याने ट्रॉली कप्पीवर आदळते. तेथे स्पंजचा तुकडा लावून घ्यावा. पुस्तिकेतल्या गणिताची दुरुस्ती मी उत्पादकांना लिहून कळवली आहे.