डबल यलोची घाई नको : सातारा-सांगलीच्या हवेत डनलॉपचे चार स्क्वॉश बॉल

मुलाला स्क्वॉशमध्ये पुढे न्यायचं ठरलं की घरात आधी रॅकेट येते आणि तिच्यासोबत दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल, म्हणजेच डबल यलो. पीएसए टूरवरचे, म्हणजे स्क्वॉशच्या जागतिक व्यावसायिक स्पर्धांमधले, सगळे खेळाडू डनलॉपचा हाच बॉल वापरतात, मग आपल्याकडेही तोच हवा, असा हिशेब असतो. बॉल उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण जानेवारीत सकाळी सहा वाजता, साताऱ्यात, दहा वर्षांच्या पोराला तोच बॉल दिला तर तो रबराचा गोटा होतो. टप्पा पडतो आणि बॉल जमिनीवरच बसतो. पोरगं वाकून, मनगटाने तो खरवडून काढतं. सहा महिन्यांत हीच सवय हाताला लागते आणि पुढची दोन वर्षं प्रशिक्षकाचा वेळ ती काढण्यात जातो.

म्हणून इथे चारही बॉल एकत्र पाहू: निळा ठिपका (इंट्रो), लाल ठिपका (प्रोग्रेस), एक पिवळा ठिपका (कॉम्पिटिशन) आणि दोन पिवळे ठिपके (प्रो). आपल्या हवेत कुठला कधी चालतो, हा खरा प्रश्न आहे.

आधी बॉलची जात समजून घेऊ. रबराच्या दोन वाट्या चिकटवून तो बनतो. आत साधी हवा असते. व्यास 40 मिलिमीटर, वजन 24 ग्रॅम, त्यात एखाद्या ग्रॅमचा फरक चालतो. प्रत्येक फटक्याला रबर दबतं आणि पुन्हा पूर्ववत होतं, आणि या दबण्यात फटक्याची काही ताकद उष्णतेत जाते. रबर तापलं की लवचिक होतं, आतल्या हवेचा दाब वाढतो आणि टप्पा उंच येतो. उलट भिंत, फरशी आणि हवा हीच उष्णता ओढून घेत असतात. चांगले खेळाडू खेळतात तेव्हा या देवाणघेवाणीत बॉल 45 अंशांच्या आसपास स्थिरावतो. म्हणूनच जागतिक महासंघाच्या नियमांत बॉलच्या उसळीची चाचणी दोन तापमानांना होते, 23 अंश आणि 45 अंश. 254 सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला बॉल 23 अंशांना किमान 12 टक्के उसळला पाहिजे आणि 45 अंशांना पाव भागाच्या पुढे गेला पाहिजे.

ही चाचणी कोर्टवर ढोबळमानाने करता येते. मागच्या भिंतीवरची आउटची रेघ जमिनीपासून 213 सेंटिमीटरवर असते. बॉल त्या रेघेच्या उंचीला धरून नुसता सोडायचा, फेकायचा नाही. डबल यलो थंड असेल तर तो 25 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पोटरीच्या मध्यापर्यंत येतो. नीट तापला की 50 सेंटिमीटर ओलांडतो, मोठ्या माणसाच्या गुडघ्यापाशी पोचतो. मुलांना ही सवय लावावी. बॉल तापला की नाही हे अंदाजाने सांगण्यापेक्षा गुडघ्याकडे बघून सांगितलेलं बरं.

आता आपली हवा. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात पहाटे पारा 12-14 अंशांवर असतो. अजिंक्यताऱ्यावरून उतरणारं वारं कोर्टच्या झरोक्यांतून आत येतं आणि भिंती रात्रभर गार पडलेल्या असतात. बॉल भिंतीला लागला की दर वेळी थोडी उष्णता भिंतीला देऊन येतो. मोठा माणूस जोरात मारतो, त्यामुळे जेवढी उष्णता जाते तेवढी तो परत भरतो. मुलाच्या फटक्यात तेवढा जोर नसतो. मग रॅलीत बॉल तापण्याऐवजी निवत जातो, आणि मुलाला वाटतं की आपलंच काही तरी चुकतंय.

सांगलीत एप्रिल-मे म्हणजे नेमकं उलटं चित्र. दुपारी बाहेर 38-40 अंश, आणि कोर्टवर पत्र्याचं छप्पर असेल तर आत भट्टी. तिथे डबल यलो दोन मिनिटांत तापतो आणि एक पिवळा तर चेकाळतो. ड्रॉप (पुढच्या भिंतीजवळ हळूच टाकलेला फटका) मरत नाही, प्रत्येक ड्राइव्ह (मागे खोल जाणारा सरळ फटका) मागच्या भिंतीवरून आरामात परत येतो, रॅली संपता संपत नाही. ऐकायला हे बरं वाटतं, पण मुलाचा कोर्टच्या मध्यावरचा, टी वरचा ताबा सुटतो. मागे उभं राहून वाट पाहिली तरी बॉल मिळतोच, मग पुढे यायचं कशाला?

पावसाळ्याची अडचण वेगळीच. साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये कोर्टच्या भिंतींना घाम येतो. ओल्या भिंतीवर बॉलला घर्षण मिळत नाही. तो घसरतो आणि अपेक्षेपेक्षा खाली, वेगाने येतो. यावर कुठल्याही ठिपक्याचा इलाज नाही. पंखा लावून, कोरड्या फडक्याने समोरची भिंत पुसून पाहावी. तरी बॉल घसरत असेल तर त्या दिवशी कोर्टबाहेर पावलांचा सराव घ्यावा. ओल्या फरशीवर घोटा मुरगळतो तो वेगळाच.

निळ्या ठिपक्याबद्दल फार सांगायला नको. तो 12 टक्क्यांनी मोठा असतो आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार डबल यलोपेक्षा 40 टक्के जास्त वेळ हवेत राहतो. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना आणि पहिल्यांदा रॅकेट धरणाऱ्या मोठ्यांना पहिले काही आठवडे हाच द्यावा. रॅकेटचा बॉलशी मेळ बसला की त्याचं काम झालं.

लाल ठिपका मात्र आपल्याकडे उगीच मागे पडला आहे. तो 6 टक्क्यांनी मोठा, 20 टक्के जास्त वेळ हवेत राहणारा. साताऱ्याच्या थंडीत दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी याच्याइतका उपयोगी बॉल नाही. यावर मुलाला पूर्ण स्विंग करता येतो. बॉल मागच्या भिंतीवर आदळून बाहेर येईपर्यंत थांबायचं, पाय लावायचे आणि मग मारायचं, हा क्रम यावर शिकता येतो. डबल यलोवर हा क्रम शिकायची संधीच येत नाही, कारण बॉल मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही किंवा पोचला तरी तिथेच मरतो. ‘लाल म्हणजे लहान मुलांचा’ हा शिक्का पुसायला हवा. सांगलीच्या उन्हाळ्यात मात्र लाल बॉल दुपारी काढू नये. तेव्हा तो टेनिसच्या बॉलसारखा उडतो.

एक पिवळा ठिपका व्यासाने डबल यलोइतकाच असतो आणि हवेत सुमारे 10 टक्के जास्त राहतो. आमच्या मते सातारा-सांगलीतल्या बहुसंख्य क्लब खेळाडूंचा हाच बॉल असायला हवा. यात नोकरी सांभाळून आठवड्यात तीन दिवस खेळणारेही आले आणि स्पर्धेला जाणारी 13-15 वर्षांची मुलंही. हिवाळ्यात साताऱ्यात हा बॉल जवळपास तशीच चाल देतो, जशी तापलेला डबल यलो गरम शहरात देतो. म्हणजे हवा बदलली तरी खेळ बदलत नाही, आणि सरावात हेच हवं असतं.

मग डबल यलो कधी? याची कसोटी वयावर ठरवू नये. मुलाला एकट्याला कोर्टवर पाठवा. एका बाजूने, शॉर्ट लाइनच्या (कोर्टच्या मधल्या आडव्या रेघेच्या) मागून, भिंतीलगत सलग 20 ड्राइव्ह मारायला सांगा. प्रत्येक बॉलचा पहिला टप्पा सर्व्हिस बॉक्सच्या (सर्व्हिस करायच्या चौकटीच्या) मागे पडला पाहिजे. तिथून मागच्या भिंतीपर्यंत साधारण 2.6 मीटर जागा असते. नंतर बॉल लगेच हातात घ्या. ऊबदार लागला तर तो बॉल त्या मुलाचा झाला. थंड लागला तर अजून वेळ आहे. ही कसोटी हिवाळ्यातल्या सकाळी घ्यावी. मे महिन्यातल्या दुपारी कुणाच्याही हातात बॉल गरमच लागेल.

व्यावसायिक व्हायचं ध्येय असेल तर डबल यलो टाळता येत नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. टूरवर त्याच्याशिवाय दुसरा बॉल नसतो. काचेच्या कोर्टवर रंग बदलून पांढरा येतो, पण तो नीट दिसावा म्हणून. शिवाय तिथे समोरच्या भिंतीच्या तळाचा पत्रा, ज्याच्या वर बॉल लागायला हवा, तो 48 ऐवजी 43 सेंटिमीटरचा असतो. खाली पत्रा, वातानुकूलित हॉल आणि लवकर मरणारा बॉल, या तिघांमुळे ड्रॉप आणि निकमधला (भिंत आणि फरशी मिळतात त्या कडेतला) फटका जीवघेणा होतो. जी मुलगी 15 व्या वर्षापर्यंत फक्त उडणाऱ्या बॉलवर खेळली, तिला पुढच्या कोपऱ्यात धावून शेवटच्या क्षणी गुडघा वाकवायची सवयच नसते. म्हणून 13-14 च्या पुढे, कसोटी पार केलेल्या मुलांनी आठवड्यातले निम्मे दिवस डबल यलोवर काढावेत आणि ते दिवस ऋतू बघून निवडावेत: हिवाळ्यात संध्याकाळी, उन्हाळ्यात पहाटे.

खेळाडूला दोन्ही हवा का लागतात हे पाहायचं तर सौरव घोषालची कारकीर्द समोर आहे. जन्म कोलकात्याचा, घडण चेन्नईच्या अकादमीत, मग इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या पाँटफ्रॅक्टला माल्कम विल्सट्रॉप यांच्याकडे सराव. चेन्नईचा उकाडा आणि यॉर्कशरची थंडी यांत एकाच डबल यलोचे दोन वेगळे बॉल होतात. एप्रिल 2019 मध्ये तो जागतिक क्रमवारीत दहावा झाला, पहिल्या दहात पोचलेला पहिला भारतीय पुरुष. आपल्या मुलांना हा फरक अनुभवायला इतकं लांब जावं लागत नाही. जानेवारीतला सातारा आणि मेमधली सांगली सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. दोन्हीकडच्या प्रशिक्षकांनी ठरवून मुलांची अदलाबदल केली तर फार चांगलं होईल.

स्पर्धेला पुण्या-मुंबईला जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, माहितीपत्रकात बॉल कुठला ते लिहिलेलं असतं. ते वाचून निदान तीन आठवडे आधी त्याच बॉलवर यावं. दुसरी, सामन्याआधी बॉल तापवायला एकूण 4 मिनिटं मिळतात आणि 2 मिनिटांनी बाजू बदलायची असते. इथली मुलं ही मिनिटं हलके हलके क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरपे पलीकडच्या बाजूला, मारण्यात घालवतात. त्याऐवजी आपल्या बाजूने दोन-तीन जोरकस ड्राइव्ह स्वतःकडेच परत येतील असे मारून मगच बॉल पलीकडे द्यावा. तेवढं नियमात बसतं. सगळा वेळ बॉल स्वतःकडेच ठेवला तर पंच टोकतात. दोन गेमच्या मध्ये बॉल कोर्टवरच राहायला हवा, पंचांच्या परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. त्या मध्यंतरात तो निवतो. तेव्हा नव्या गेमच्या पहिल्या दोन-तीन रॅलींत बॉल खाली राहणार हे गृहीत धरून गुडघे आधीच वाकवावेत.

सरावाआधी बॉल तापवायला घरगुती उपाय चालतो. प्लास्टिकच्या पिशवीत बॉल घालून, तोंड घट्ट बांधून, हात सोसेल इतक्या गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं ठेवावा आणि खिशात घालून कोर्टवर न्यावा. थेट पाण्यात टाकू नये, ओला बॉल भिंतीवर घसरतो. गॅसवर धरणं, तव्यावर ठेवणं, मायक्रोवेव्हमध्ये घालणं अजिबात नको. जोड सुटतो, आणि तापलेला बॉल तोंडावर फुटू शकतो.

बॉल मरतो दोन प्रकारांनी. एक म्हणजे वाट्यांच्या जोडावर चीर जाते. कानाशी धरून चिमटीत दाबा. हवेचा फुस्स आवाज आला की तो गेला. चीर बारीक असेल तर आवाज येत नाही, पण टप्पा वाकडा पडतो आणि फटक्याला फटफट असा पोकळ आवाज येतो. सामन्यात रॅली चालू असताना बॉल फुटला तर लेट मिळतो, म्हणजे ती रॅली पुन्हा खेळतात. शंका असेल तर पुढची सर्व्हिस होण्याआधी पंचांना सांगावं. दुसरा प्रकार हळूहळू होतो. नव्या बॉलचं अंग खरखरीत, मळकट काळं असतं. खेळून खेळून ते गुळगुळीत, चकचकीत होतं, मग भिंतीला धरत नाही आणि स्लाइस (कापून मारलेला फटका) चालत नाही. अशा बॉलवर मुलाचा ड्रॉप तपासू नये. तो एकट्याच्या व्हॉली सरावाला ठेवावा. धूळ बसली तर ओलसर फडक्याने पुसावी, साबण लावू नये.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी. आपल्याकडच्या दुकानांत क्रिकेट आणि बॅडमिंटनचा माल झपाट्याने फिरतो, स्क्वॉशचे बॉल मात्र फडताळात वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. रबर जुनं झालं की कडक होतं. डबीतून काढून दाबून बघा. दोन बॉल शेजारी धरून दाबले तर एक जास्त ताठ लागतो, तो बाजूला ठेवा. डझनाचं खोकं घेतलं तर नग स्वस्त पडतो, पण तेवढे बॉल एका घरात वेळेत संपत नाहीत. चार-पाच पालकांनी मिळून खोकं घ्यावं आणि वाटून घ्यावं. साताऱ्यातल्या बारा वर्षांच्या मुलासाठी वर्षाची सुरुवात दोन लाल आणि चार एक-पिवळ्यांवर करावी. सांगलीत लाल एकच पुरे, त्याऐवजी दोन डबल यलो घेऊन उन्हाळ्यासाठी ठेवावेत. आणि मे महिन्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर सोडू नयेत, घरात सावलीत ठेवावेत.