टर्नटेबलचा खड्डा: तयार घ्यायचा की स्वतः बनवायचा?

मॉडेल रेल्वेत इंजिन वळवायला टर्नटेबल लागतं: गोल खड्डा आणि त्यात फिरणारा, रूळ असलेला पूल. तयार खड्डा आणि घरी बनवलेला खड्डा यांची तुलना बहुतेक जण दिसण्यावरून करतात. माझ्या मते तिथे फारसा फरक नाही. नीट रंगवले तर दोन्ही तितकेच खरे वाटतात. फरक पडतो तो पुलाचे रूळ कडेच्या रुळांशी दर वेळी अचूक जुळतात का, यात.

आधी माप. एचओ म्हणजे १:८७ या मॉडेल प्रमाणात खऱ्या रेल्वेचा १३० फुटी पूल साधारण ४५५ मिमी लांब होतो. तो एक अंशाने चुकला तर टोक चार मिमी सरकतं, आणि दोन रुळांमधलं अंतर असतं जेमतेम साडेसोळा मिमी. ९० फुटी पूल सुमारे ३१५ मिमीचा, तिथे तीच चूक पावणेतीन मिमीवर येते. म्हणून लहान पूल असेल तर हाताने बनवण्याचा विचार जरूर करा. मोठ्याला मात्र मी तयारच घेईन.

इंजिनाच्या एकूण लांबीला घाबरून उगाच मोठा पूल घेऊ नका. बघायचा तो पहिल्या चाकापासून टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) शेवटच्या चाकापर्यंतचा पल्ला. बिग बॉय हे अमेरिकेचं अजस्र वाफेचं इंजिन टेंडरसकट जवळपास १३३ फूट लांब, पण चाकांचा पल्ला ११७ फूट ७ इंच. १३० फुटी पुलावर ते बसतं, टोकं थोडी बाहेर राहतात एवढंच.

वॉल्थर्स या कंपनीसारखं मोटर लावलेलं तयार टर्नटेबल घेतलं की टेबलाला गोल भोक पाडायचं, खड्डा आत बसवायचा आणि थांबे एकदा ठरवून द्यायचे. पुढे यंत्रणा ते लक्षात ठेवते. पैसे जास्त जातात, आणि भिंतीचा घाट नि खोली कंपनी देईल तीच.

यातला मधला मार्ग मला सगळ्यात आवडतो. ॲटलास कंपनीच्या नऊ इंची टर्नटेबलला खड्डाच नसतो, पण आतली जिनिव्हा यंत्रणा (टप्प्याटप्प्याने फिरवणारी खाचांची चकती) दर १५ अंशांवर थांबते. ती टेबलाखाली लपवून वर आपला खड्डा आणि आपला पूल बसवता येतो. अर्थात जोडरूळही (खड्ड्याच्या कडेला येऊन मिळणारे रूळ) १५ अंशांच्या पटीतच टाकावे लागतात, आणि पूल जितका लांब तितकी यंत्रणेतली ढिलाई टोकाला वाढत जाते. ९० फुटांपुढे या वाटेला जाऊ नये.

सगळंच स्वतः करायचं असेल तर वर्तुळ राउटरनेच (लाकूड कोरायच्या यंत्राने) कापा. मध्ये खिळा ठोकून त्याभोवती राउटर फिरवला की प्लायवूडमध्ये स्वच्छ गोल निघतो. जिगसॉने तो कधीच इतका नेटका येत नाही. धुरीसाठी, म्हणजे पूल ज्यावर फिरतो त्या मधल्या खुंटीसाठी, हेडफोनचा ६.३५ मिमीचा स्टीरिओ जॅक हा जुना आणि उत्तम तोडगा आहे. पूलही फिरतो आणि वीजही पोहोचते. फक्त पूल अर्धा फिरला की ध्रुवता उलटी होते, म्हणून डीसीसीवर (डिजिटल नियंत्रणावर) ती आपोआप बदलणारा ऑटो रिव्हर्सर हवाच.

रिंग रेल, म्हणजे पुलाच्या टोकाची चाकं ज्यावरून फिरतात तो खड्ड्यातला गोल रूळ, हे खरं डोकेदुखीचं काम. ती अर्धा मिमी जरी उंचसखल झाली तरी पूल डुगडुगतो. जुन्या, तोलाच्या टर्नटेबलांत सगळा भार मधल्या धुरीवर असायचा आणि टोकाची चाकं जेमतेम टेकायची. मॉडेलमध्येही तसंच करा: भार धुरीला द्या आणि चाकं रुळाच्या केसभर वर ठेवा.

सजावटीत तयार आणि घरगुती असा भेद राहत नाही. तयार खड्ड्याचं प्लास्टिक चकाकतं, त्यामुळे त्याला आधी मॅट रंगाचा हात द्यावा लागतो. पूल बसवण्याआधी रंगवा, विजेच्या संपर्कपट्ट्या टेपने झाका. तळ एकाच राखाडी रंगात काढू नका. धुरीभोवती ग्रीसचा काळा तवंग हवा आणि पाणी जाण्याच्या जाळीकडे ओलसर गडद पट्टा. जोडरूळ जिथे कडेला येतात तिथे भिंतीच्या पायथ्याशी राख आणि कोळशाचा चुरा साचलेला दाखवा. काँक्रीटच्या भिंतीवर चुन्याचे पांढुरके ओघळ शोभतात. रिंग रेलच्या बाजू गंजलेल्या, माथा मात्र घासून चकचकीत. तण भिंत आणि रिंग रेल यांच्यामधल्या पट्ट्यात लावा, तिथे कोणतंही चाक पोहोचत नाही.

चुरा घालताना गिट्टीचे सुटे कण नकोत, बारीक चाळलेली भुकटीच वापरा आणि ती गोंदाच्या पातळ पाण्याने पक्की करा. एक कण रिंग रेलवर आला की पुलाचं टोक उचललं जातं, आणि तो काढण्यासाठी पूल उपसून बाहेर काढावा लागतो. म्हणून खड्डा कोणताही असो, पूल कायमचा चिकटवू नका.