बिअरवाल्यांचा मॅग्नेटिक पंप द्राक्षरसासाठी: दोन हंगाम वापरल्यानंतर

पंप चांगला आहे, हे आधीच सांगते. पण त्यात अडकलेली हवा बाहेर सोडायला एक छोटी कॉक लागते. ती कंपनी देत नाही, विकणारा सांगत नाही आणि पुस्तिकेत तिचं नावही नाही. माझा सगळा राग त्या एका कॉकवर आहे.

आधी आकडे. सिंगल फेज, अर्धा इंच बीएसपी (पाइपाच्या मापाचे) आटे, हेड, म्हणजे ज्यातून रस जातो तो पंपाचा पुढचा भाग, १२० अंशांपर्यंत चालणारं, द्रव चढवायची उंची जेमतेम तीन मीटर. परदेशात घरी बिअर करणारे लोक उकळलेला वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचा धान्याचा गोड रस, एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायला किंवा थंड करायच्या कॉइलमधून फिरवायला हाच पंप घेतात. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे इथं तो वापरणारे कमी आणि विचारायला माणूस मिळणं त्याहून अवघड. आमचा तासगाव तालुक्यात घरगुती द्राक्षरसाचा व्यवसाय आहे. मांजरी मेडिका ही रसासाठीच काढलेली द्राक्षाची जात आहे, तिचा गरसुद्धा रंगीत असतो. तिचा रस काढायचा, ८५ अंशांपर्यंत तापवायचा आणि गरम असतानाच बाटलीत भरायचा. पूर्वी हा तापलेला रस आम्ही बादलीनं उचलायचो. सासूबाईंच्या मनगटावर एकदा तो उडाला आणि त्याच आठवड्यात पंपाची ऑर्डर गेली.

साधा मोनोब्लॉक का नाही, असं बरेच जण विचारतात. त्यात मोटारीचा दांडा पंपाच्या आत जातो आणि तिथं सील असतं. सील झिजलं की गळती सुरू होते, आणि शेतात पाणी उपसणाऱ्या पंपाच्या आतलं लोखंड, रंग, ग्रीस खायच्या पदार्थाला चालत नाही. मॅग्नेटिक पंपात दांडा आत जातच नाही. मोटारीच्या बाजूला एक चुंबक फिरतो, मधे प्लॅस्टिकची बंद भिंत, आणि भिंतीपलीकडचा इम्पेलर, म्हणजे द्रव ढकलणारी पात्यांची चकती, त्या चुंबकाच्या ओढीनं फिरतो. आत काही अडकलं तर चुंबकाची पकड सुटते, मोटार मात्र सहसा जळत नाही. दोन हंगामांत रसाचा एक थेंबही मोटारीकडे गेलेला नाही, याचे पूर्ण गुण कंपनीला.

आता दुखणं. हा पंप रस ओढत नाही, फक्त ढकलतो. इम्पेलर आतला द्रव बाहेरच्या कडेला फेकतो, मधे जागा रिकामी होते आणि तिथं मागचा द्रव येतो. पण हेडमध्ये हवा असेल तर फेकायला वजनच नसतं, कारण हवा पाण्यापेक्षा जवळपास ८०० पट हलकी. मग इम्पेलर नुसता गरगरतो. शिवाय इम्पेलर ज्यावर फिरतो तो आतला बुश त्याच द्रवानं ओला आणि थंड राहत असतो, म्हणजे कोरडा फिरला की तापून घासायला लागतो. विहिरीवरच्या मोटारीला फूटव्हॉल्व्ह असतो, वरून पाणी ओतून मोटार भरता येते. इथं तसली सोय नाही. रसाचं पातेलं उंचावर, पंप त्याच्या खाली, आणि रस आपल्या वजनानं हेडमध्ये उतरला पाहिजे. एवढं पुस्तिकेत आहे. रस उतरताना आतल्या हवेनं जायचं कुठून, हे मात्र कुठंच नाही.

पंप बसवायला विकणाऱ्यानंच माणूस पाठवला होता, बसवण्याचे पैसे वेगळे घेऊन. त्यानं हेड असं बसवलं की रस बाहेर पडायचं तोंड आडवं, मोटारीच्या उजव्या अंगाला. पहिला हंगाम निभावला, कारण तेव्हा आम्ही रस थोडा निवू देऊन, गाळून, निवांतपणे भरत होतो. यंदा मार्चमध्ये माल एकदम आला. गरम रसाला फेस फार असतो. त्या फेसातली हवा हेडच्या वरच्या अर्ध्या भागात साठत गेली आणि आडव्या तोंडामुळे तिला वर निघायला वाटच राहिली नाही. ऐन भरणी चालू असताना पंपाचा आवाज बदलला, खडे घातलेला डबा हलवावा तसा खडखडाट झाला आणि नळीतली धार तुटली. मोटार लगेच बंद केली.

विकणाऱ्याला फोन केला. फोनवरच निदान झालं: इम्पेलर घासलाय, हेड बदलावं लागेल, २८०० रुपये, आणि वॉरंटीत बसत नाही कारण पंप कोरडा चालवलाय. मी म्हटलं, पातेलं अर्धं भरलेलं आहे, पंप त्याच्या दोन फूट खाली आहे, मग कोरडा कसा? त्यावर उत्तर नाही. माणूस पाठवला तर भेटीचे ४०० रुपये. तोही आला, हेड न उघडता आवाज ऐकला आणि हेड बदला असं सांगून गेला. चारशे रुपये मात्र जागेवर घेतले.

संध्याकाळी गावातल्या, मोटारींचं वाइंडिंग भरणाऱ्या दादांना बोलावलं. त्यांनी हा पंप आधी कधी पाहिलेला नव्हता. हेडचे चार स्क्रू काढले, इम्पेलर बोटानं फिरवला, आतली पांढरी सिरॅमिकची पिन उजेडात धरून बघितली. तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

‘‘वहिनी, ह्याला काय बी झालेलं न्हाई. एअर धरलीय. तोंड आडवं ठिवल्यावर एअर जाणार कुठनं?’’

हेडचे चारही स्क्रू सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे ते पाव फेरा फिरवून परत बसवता येतं. दादांनी बाहेरचं तोंड सरळ वर केलं. पुढं त्यांच्याच सांगण्यावरून सांगलीच्या गणपती पेठेतून अर्ध्या इंची स्टीलचा टी (तीन तोंडांचा जोड), पाव इंची बॉल कॉक आणि ही दोन मापं जोडणारा रिड्यूसर आणला. सगळं मिळून सहाशेच्या आत. टी बाहेरच्या तोंडावर, कॉक वरच्या अंगाला, आणि त्याच्या पुढं धार कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह. कॉकला वीतभर सिलिकॉन नळी लावून ती स्टीलच्या तांब्यात सोडलीय, म्हणजे उडालेला रस वाया जात नाही.

आता आमची पद्धत अशी. बाहेरचा व्हॉल्व्ह बंद, पातेल्याचा नळ पूर्ण उघडा, मग वरची कॉक उघडायची. आधी नुसती फुस्स हवा येते, मग फेस, मग फेस आणि रस तुटक तुटक, आणि शेवटी जांभळ्या रसाची न तुटणारी बारीक धार. ती लागली की कॉक बंद करायची, मोटार चालू करायची आणि बाहेरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. मधेच आवाज बदलला तर मोटार बंद करून कॉक पुन्हा उघडायची. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या दिवसानंतर अख्ख्या हंगामात पंपाची धार एकदाही तुटलेली नाही. तेच जुनं हेड आणि तोच इम्पेलर, जो बदला म्हणून दोनदा सांगितलं होतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि पंपाला पाचपैकी तीन, विकणाऱ्याला शून्य देणार होते. मधल्या काळात त्यांच्या मालकांचा स्वतःहून फोन आला. मी हेडचे आणि टीचे फोटो पाठवले होते, ते त्यांनी पाहिले. भेटीचे ४०० परत केले आणि यापुढं हेड तोंड वर करूनच बसवून देऊ म्हणाले. म्हणून शून्याचे दोन केले. कॉक बरोबर द्याल का विचारलं, तर ती ‘ॲक्सेसरी’ आहे म्हणाले. साडेसात हजारांच्या पंपाला जी गोष्ट असल्याशिवाय खात्री नाही, तिला ॲक्सेसरी म्हणणं मला मान्य नाही. बाहेरून मागवलं तर हवा काढायची कॉक हेडलाच लावलेले पंप मिळतात, म्हणजे करता येत नाही असंही नाही.

हेड प्लॅस्टिकचं की स्टीलचं, यावरही माझं मत बदललंय. पहिल्या हंगामानंतर मी सगळ्यांना सांगत होते की जास्तीचे पैसे टाकून स्टीलचंच घ्या, कारण प्लॅस्टिकच्या आट्यांवर स्टीलची जोडणी रोज काढ-घाल केली की आटे झिजतात. आता एकदाच टेफ्लॉन टेप लावून कॅमलॉक, म्हणजे आटे न फिरवता निघणारी जोडणी, बसवून टाकलाय. रोज फक्त कॅमलॉकचे कान उचलायचे, आट्यांना हात लागत नाही. आमच्या ८५ अंशांना प्लॅस्टिक आरामात पुरतं. उकळता द्रव न्यायचा असेल तर विचार वेगळा, पण तिथं अडचण हेडची नसते. सांगलीच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि इतकं तापलेलं पाणी पंपाच्या तोंडाशी दाब जरा कमी होताच वाफ होऊ लागतं. त्यासाठी पातेलं जितकं उंच तितकं बरं, आणि पातेल्यातून पंपात येणारी नळी आखूड, सरळ, निदान अर्ध्या इंचाची. धार कमी करायची तर कायम बाहेरच्या व्हॉल्व्हनं. पातेल्याचा नळ आवळून धार कमी केली की पंप उपाशी राहतो.

पातेल्यातून पंपात येणाऱ्या बाजूला मऊ सिलिकॉन नळी घेऊ नका. गरम झाली की ती चपटी होते आणि वरून पाहिलं तर लक्षातही येत नाही. जाड भिंतीची किंवा आत दोरा असलेली घ्या. क्लिपही दोन्ही टोकांना, कारण सैल क्लिपमधून रस बाहेर येताना दिसतो पण हवा आत जाताना दिसत नाही.

धुण्याबद्दल एक गोष्ट द्राक्षवाल्यांनाच लागू. रस थंडीत ठेवला की तळाला खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे स्फटिक बसतात, ते टार्टरचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे. असा निवलेला रस वरच्या वर काढून घेताना तळाचा गाळ पंपात जाऊ द्यायचा नाही. हे कण बुशमध्ये गेले तर खऱ्या अर्थानं इम्पेलर घासेल. आम्ही पातेल्याचा नळ तळापासून चार बोटं वर बसवून घेतलाय. काम झालं की आधी साधं पाणी, मग कडकडीत गरम पाणी पंपातूनच फिरवतो, त्यात टार्टर विरघळतं. आठवड्यातून एकदा धुण्याच्या सोड्याचं पाणी, आणि त्यानंतर भरपूर साधं पाणी. हंगाम संपला की हेड उघडून, पुसून, कोरडं करून ठेवायचं. उघडाल तेव्हा ओ-रिंग हातात धरून बघा, कडक झाली असेल तर तीच नमुन्याला घेऊन दुकानात जा. वीस-तीस रुपयांत काम होतं.

मोटार ओल्या फरशीवर ठेवू नका. आम्ही वीटभर उंच चौथरा केलाय, अर्थिंग दिलंय आणि प्लग आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर, घेतलाय. रसाच्या खोलीत फरशी ओलीच असते.

पलूस-वाळव्याकडच्या गुऱ्हाळवाल्यांनी काकवीसाठी हा पंप चालेल का असं विचारलं होतं. चुलाणावर चढवायच्या आधीचा ऊसरस गाळून घेतलात तर चालेल. काकवीला नाही. दाट द्रवात इम्पेलरला इतका अडथळा होतो की चुंबकाची पकडच सुटते, मोटार फिरत राहते आणि आत सगळं थांबलेलं असतं. आमच्याकडे साखरेचा घट्ट पाक घालून बघितला, कोमट असतानाच पकड सुटली. काकवीला गियर पंप लागतो, तो महाग असला तरी दुसरा पर्याय नाही.