आयव्ही ग्रीन, टस्कंबिया: घर हेलन केलरचं, मी गेले सुलिव्हनबाईंसाठी

अमेरिकेत अलाबामा, टेनेसीकडे कुणी राहत असाल तर अलाबामातल्या टस्कंबियाला जाऊन याच. हंट्सव्हिलहून गाडीने दीड तासाच्या आसपास. हेलन केलरच्या आजोबांनी १८२० साली बांधलेलं घर आहे, आयव्ही ग्रीन नावाचं, १९५४ पासून म्युझियम म्हणून उघडं आहे. मी स्वतः स्पेशल एज्युकेटर, नाशिकला विशेष मुलांच्या शाळेत आयुष्य गेलं, लेकीकडे आले होते म्हणून जायचा योग आला. मला हेलनच्या बाई, ॲनी सुलिव्हन, शिकवायच्या ती जागा डोळ्यांनी बघायची होती.

मोठं घर पांढरं, लाकडी, आत केलर कुटुंबाचं सामान, हेलनची ब्रेल पुस्तकं, ब्रेल टाइपरायटर. नीट ठेवलंय सगळं, माहितीही छान सांगतात. पण जेवणाच्या खोलीपाशी मी थांबलेच. बाई ३ मार्च १८८७ ला इथे आल्या तेव्हा वय फक्त २०. हेलन पावणेसात वर्षांची, १९ महिन्यांची असताना आजारपणात दिसणं ऐकू येणं दोन्ही गेलेलं, टेबलाभोवती फिरून ज्याच्या त्याच्या ताटात हात घालून खायची आणि घरचे घालू द्यायचे. बाईंनी ते बंद केलं. सगळे उठून गेले, बाईंनी दाराला कुलूप लावलं, चमचा खाली फेकला की परत उचलायला लावायचं, लाथा, चिमटे, सगळं सोसून शेवटी पोरीने स्वतःच्या ताटात चमच्याने खाल्लं, मग नॅपकिनची घडी घालायला लावण्यात आणखी तास गेला. आणि नंतर बाई वर खोलीत जाऊन पलंगावर पडून रडल्या, हे त्यांनीच पत्रात लिहून ठेवलंय. आमच्या कामातल्या प्रत्येकीने हे केलेलं आहे हो, शाळेच्या स्टोअररूममध्ये नाहीतर रिक्षात.

आता शेजारचं छोटं कॉटेज. हेलनचा जन्म तिथलाच, एक मोठी खोली आणि लागून खेळायची खोली, बस एवढंच. लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात, तुम्ही पडू नका. बाईंच्या लक्षात आलं की आईवडील समोर असले की पोरगी ऐकत नाही, रडली की वडील विरघळणार. म्हणून दोघीच वेगळ्या घरात राहिल्या, आईवडिलांनी रोज येऊन लांबून बघायचं पण हेलनला कळू द्यायचं नाही ही अट. आपल्याकडे आज्जी दाराआडून डोकावते आणि पोराने नुसता ओठ काढला की धावत आत येते, तिथे ही अट पाळून घेणं किती अवघड ते पालक मीटिंग घेतलेल्यांना विचारा.

मागच्या बाजूला तो हातपंप. गर्दी तिथेच, फोटोही तिथेच. ५ एप्रिलला हेलनच्या एका हातावर पाणी आणि दुसऱ्या हातावर बाईंच्या बोटांनी 'वॉटर'चं स्पेलिंग, आणि तिला उमगलं की प्रत्येक वस्तूला नाव असतं. लोक चमत्कार म्हणतात. मला नाही पटत, आधीचा महिनाभर ही बाई रोज, दिवसभर, काही समजत नसलेल्या हातावर अक्षरं काढत होती तो महिना कुठे गेला मग? आणि पंपानंतर केलं ते तर त्याहून मोठं. हेलनच्या मामे की चुलत, दीड वर्षाच्याही आतल्या भावंडाकडे बघून त्यांनी ठरवलं की बाळाच्या कानात आपण बोलतो तसं हिच्या हातात बोलायचं, पूर्ण वाक्यं, समजो न समजो. ठरावीक तासाचे धडे बंद. १८८७ साली! ट्रेनिंगला येणाऱ्या मुलींना मी हे नेहमी सांगते.

जाण्याआधी बाईंचं लहानपण मुलांना जरूर सांगा. गरीब आयरिश घर, खुपरीने डोळे अधू, आई टीबीने गेली, १८७६ मध्ये धाकट्या भावासकट ट्यूक्सबरीच्या अनाथालयवजा गरीबखान्यात टाकलं, भाऊ काही महिन्यांत तिथेच गेला. १४ व्या वर्षी पर्किन्स अंधशाळेत आल्या तेव्हा वाचता येत नव्हतं, १८८६ मध्ये वर्गात पहिल्या येऊन बाहेर पडल्या. हातावरची लिपी तिथेच, त्या शाळेत शिकलेल्या अंध-बधिर लॉरा ब्रिजमनमुळे शिकल्या. पुढे रॅडक्लिफ कॉलेजात हेलनशेजारी बसून सगळी लेक्चर्स हातावर उतरवली, स्वतःचे डोळे दुखत असताना. १९०४ मध्ये डिग्री हेलनला मिळाली, बाईंना नाही, हे मला आजही खुपतं.

उन्हाळ्यात अंगणात या दोघींवरचं नाटक होतं, जमलं तर तेव्हाच जा. लहान मुलांना न्यायला हरकत नाही, बाग मोकळी आहे, फक्त दुपारचं ऊन फार. माझ्याकडून ५ पैकी ५. आणि कधी वॉशिंग्टनला गेलात तर नॅशनल कॅथेड्रलमध्येही जा, बाई २० ऑक्टोबर १९३६ ला गेल्या, त्यांच्या अस्थी तिथे आहेत, पुढे हेलनच्याही शेजारीच ठेवल्या.