फोर्कलिफ्टवरच्या कॉम्प्युटरचं ब्लूटूथ: काही महिन्यांच्या वापरानंतर

गोदामातल्या फोर्कलिफ्ट आणि रीच ट्रकवर (उंच रॅकवरचा माल काढणारी फोर्कलिफ्टसारखीच गाडी; पुढे दोन्हींना ट्रकच म्हटलंय) अँड्रॉइडचे कॉम्प्युटर बसवून आता बरेच महिने झाले. स्क्रीन आणि माउंट दणकट आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. डोक्याला ताप दिला तो ब्लूटूथने.

पॅलेटवरचे बारकोड वाचणारा हातातला स्कॅनर या कॉम्प्युटरला ब्लूटूथने जोडायची पद्धत सोपी आहे. कॉम्प्युटरचा ब्लूटूथ पत्ता बारकोडच्या रूपात स्टीकरवर छापून केबिनमध्ये चिकटवलेला असतो. स्कॅनरने तो वाचला की काम झालं. हातात मोजे असले तरी जमतं. पण शिफ्ट बदलताना डॉकवर ट्रक शेजारीशेजारी उभे असतात आणि कुणीतरी भलताच स्टीकर स्कॅन करतो. मग पॅलेट इथे आणि नंबर शेजारच्या स्क्रीनवर. स्कॅनर एचआयडी मोडमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या वेषात असेल, तर कर्सर जिथे असेल तिथे तो नंबर उमटतो. आमच्याकडे पॅलेटचा अठरा अंकी नंबर नगांच्या रकान्यात जाऊन बसला होता. सिस्टमने तो नाकारला हे नशीब.

हा गोंधळ आणि सुरक्षा हे वेगळे विषय नाहीतच. कीबोर्ड म्हणून जे जोडलं जाईल ते टाइप करू शकतं, मग तो चुकीचा स्कॅनर असो की कुणाचा खोडसाळपणा. म्हणून आम्ही स्कॅनर एसपीपी मोडवर नेले, म्हणजे कीबोर्ड न बनता थेट अ‍ॅपशी बोलणाऱ्या मोडवर. आता स्कॅन केलेला डेटा फक्त आमच्या अ‍ॅपकडे जातो. शिवाय एचआयडीमुळे स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब व्हायचा, तेही थांबलं. त्या एका कारणासाठी ऑपरेटर लोकांनी आम्हाला दुवा दिला असेल.

बाकीचं कुलूप एमडीएममधून (सगळे कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) लावलं. कॉम्प्युटर इतरांना दिसणं बंद, सेटिंग्जचं पान बंद, फाइल पाठवणं बंद, गाण्यांसाठी फोन जोडणंही बंद (यावर कुरकुर झाली, होणारच). ठरलेल्या स्कॅनरचीच यादी ठेवली. मात्र या यादीवर फार विसंबू नका. ब्लूटूथ पत्त्याची नक्कल करता येते. खरी भिस्त पेअरिंग (दोन उपकरणांनी पहिल्यांदा एकमेकांची ओळख पटवून जोडणं) आणि एन्क्रिप्शनवर (डेटा सांकेतिक करून पाठवणं). चार आकडी पिनवाले जुने स्कॅनर आम्ही काढूनच टाकले, कारण ते पेअरिंग कुणी हवेतून टिपलं तर तो पिन शोधणं अवघड नाही. ब्लूटूथ 2.1 पासूनची पेअरिंग पद्धत त्याहून बरी. तरी त्यातही ‘जस्ट वर्क्स’ या, कुठलाही आकडा न तपासता जोडून टाकणाऱ्या प्रकारात मध्ये तिसरा घुसलाय का, हे कळत नाही. स्क्रीन नसलेल्या स्कॅनरला बहुतेक वेळा तोच प्रकार नशिबी येतो, म्हणून पहिलं पेअरिंग आम्ही डॉकवर न करता आत खोलीत करतो.

अपडेटचा कंटाळा करू नका. 2019 मध्ये ‘नॉब’ नावाची त्रुटी उघड झाली, त्यात एन्क्रिप्शनची किल्ली एका बाइटपर्यंत, म्हणजे सहज शोधता येईल इतकी कमकुवत करता येत होती. कॉम्प्युटरचं अपडेट हवेतून होतं. आमच्या स्कॅनरचं फर्मवेअर केबल लावूनच करावं लागतं, त्यामुळे ते हमखास मागे राहतं.

कनेक्शन तुटण्याचं म्हणाल तर वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेल्यावर फरक जाणवला. ब्लूटूथ 2.4 वर चालतं आणि गर्दीचे चॅनल टाळत उड्या मारतं, पण सगळीच पट्टी भरली असेल तर ते तरी कुठे जाणार? मास्टचं (काटे वरखाली नेणाऱ्या उभ्या खांबाचं) लोखंड आणि ऑपरेटरचं शरीर मध्ये आलं की सिग्नल पडतो, त्याला इलाज नाही. किल्ली बंद करून ट्रक पुन्हा सुरू केल्यावर स्कॅनरने ट्रिगर दाबताच स्वतः जोडून घ्यावं, ही सेटिंग मात्र जरूर चालू ठेवा.

एक गोष्ट अजून खटकते. रात्रपाळीत स्कॅनर मेला आणि बदली स्कॅनर यादीत नसला, तर ट्रक उभाच राहतो. दोन-तीन जादा स्कॅनर आधीच नोंदवून, चार्ज करून सुपरवायझरच्या कपाटात ठेवायला लागतात, आणि त्यांचं चार्जिंग पाहायचं काम कुणाचं यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.