उद्यमनगरात बनवून घेतलेली लोखंडी ढाबळ, रेसरवाल्यांनी घ्यावी का?

टेरेसवर रेसर होमर, म्हणजे लांब नेऊन सोडलं की घरी परत येणारी शर्यतीची कबुतरं ठेवायची म्हणून कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं ढाबळ (कबुतरांचं घर) करून घेतली, तिच्यावरनं पावसाळा पण गेला उन्हाळा पण गेला, आता लिहायला हरकत नाही. साईज १० बाय ६ फूट, उंची ७, आत तीन कप्पे, सगळं धरून ४० हजारांच्या आतबाहेर. लोखंडकाम एक नंबर. पण मिस्त्रींनी आजवर केल्यात त्या सगळ्या गिरेबाजवाल्यांच्या (घरावरच तासन्तास उडणारी कबुतरं पाळणाऱ्यांच्या) ढाबळी, आणि रेसरची ढाबळ वेगळी असती हे त्यांना शेवटपर्यंत काय पटलं नाही.

जाळी अर्धा इंची वेल्डेड आहे, मोठा उंदीर किंवा चिमणी आत घुसत नाही. चिमण्या दाणा खातात त्याचं काय नाही हो, पण घाण करतात आणि रोग आणतात. पाय फूटभर उंच ठेवलेत त्यामुळं खालनं झाडू फिरतो, पाणी साचत नाही. बोका रात्री येऊन छपरावर बसतो, बसू दे. दोन कुलपं लावायची सोय दिली आहे, कारण आपल्याकडं बोक्यापेक्षा चोराची भीती जास्त. आणि वेल्डिंग सगळं ग्राइंडरनं घासलंय, आत हात फिरवला तर कुठं टोक लागत नाही. हे लई महत्त्वाचं, रात्री पक्षी घाबरून फडफडला की पंखातली मोठी पिसं तिथंच मोडतात आणि मोडलेलं पीस झडून नवीन येईपर्यंत तो पक्षी रेसला काय कामाचा नाही.

अंड्यावर बसायचे खण २ फूट रुंद सांगितले होते, तसेच दिले. १७-१८ दिवसांत पिल्लं बाहेर येतात, मग आठवडाभरात पायात ओळखीची रिंग चढवावी लागते, उशीर झाला की बोटं मोठी होऊन ती जातच नाही, तेव्हा खणाचं दार पूर्ण उघडणारं पाहिजे. ते आहे.

आता छप्पर. साधा पत्रा टाकलाय, आणि पाऊस आत यायला नको म्हणून पत्रा आणि भिंतीमधली फट पार सील करून टाकली! कोल्हापूरचा पाऊस बघता त्यांचं लॉजिक बरोबर वाटतंय पण इतक्या पक्ष्यांच्या श्वासाची वाफ आणि विष्ठेचा वास जाणार कुठनं? जुलैमध्ये आत गेलं की डोळे चुरचुरायचे, पिल्लं शिंकायला लागली. कबुतराला थंडी चालती, कोंदट ओल चालत नाही. शेवटी पूर्वेकडनं वरच्या बाजूला हातभर पट्टी कापून तिथं जाळी लावून घेतली, पश्चिमेची भिंत बंदच ठेवली कारण पाऊस तिकडनं झोडपतो. त्याचे पैसे वेगळे घेतले, ते मात्र पटलं नाही. एप्रिलमध्ये पत्रा तापतो त्यासाठी खालनं थर्माकोल आणि प्लाय मारायला आधीच सांगा.

सगळ्यात मोठी गोष्ट ट्रॅपची, म्हणजे पक्षी स्वतः ढकलून आत येतो पण बाहेर जाऊ शकत नाही त्या दाराची. मिस्त्रींनी दिलं भलं मोठं हातानं उघडायचं दार. गिरेबाजला ते चालतंय, त्याचा नादच मुळात आभाळात किती वेळ राहतो याचा, खाली कधी उतरला कसा आत गेला कोण बघतो. रेसरचं उलटं. घरी आला हे महत्त्वाचं नाही, आत आला हे महत्त्वाचं, कारण चिप रिंगवाल्या सिस्टीममध्ये पक्षी आतल्या पॅडवरनं गेला की मगच टायमिंग पडतं आणि रबर रिंगवाल्या घड्याळात तर पक्षी हातात धरून रेसपुरती घातलेली रिंग काढून घड्याळात टाकल्याशिवाय काहीच होत नाही. हिशोब करून बघा, २०० किलोमीटरची रेस, पक्षी मिनिटाला १२०० मीटरनं आला म्हणजे २ तास ४७ मिनिटं. तोच गडी दारात येऊन ३ मिनिटं मान हलवत बसला तर स्पीड येतंय ११७९. एवढ्यात नंबर गेला की!

म्हणून दार काढून तिथं लोंबत्या ॲल्युमिनियम सळ्यांचा ट्रॅप बसवला, सळ्या आतच ढकलल्या जातात, बाहेर येत नाहीत, पुढं उतरायला फळी. मिस्त्री म्हणाले, "अहो साहेब, एवढ्याशा फटीतनं जाणार कसा पक्षी?" जातो मामा, शिकवावं लागतं. पिल्लं महिन्याची झाली की उडायच्या आधीच संध्याकाळी भुकेली ठेवून फळीवर सोडायची, आत दाण्याचा डबा वाजवायचा, एकदोनदा हातानं सळ्यांतनं ढकलायचं, मग आपोआप येतात. बाहेर दाणा कधीच टाकायचा नाही, शेजारच्या टेरेसवर पोरं लाडानं ज्वारी टाकतात तिथनं सगळं बिघडतं. हे पक्कं झाल्यावरच टोपलीत भरून शिरोली, मग किणी टोलनाका, पेठनाका, कराड असं एकाच दिशेनं लांब लांब नेऊन सोडायचं. शिरोलीवरनं आलेलं पिल्लू जर छपरावर वेळ काढत असेल तर कराडला नेऊन उगाच पेट्रोल जाळू नका.

माझ्याकडनं ५ पैकी साडेतीन. गिरेबाज, लक्का, नुसते शोभेचे पक्षी असतील तर डोळे झाकून याच मिस्त्रींकडं जा, पत्रा तेवढा बघून घ्या. रेसरवाल्यांनी ट्रॅपच्या जागेचं माप कागदावर काढून द्यावं आणि ट्रॅप बसल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. वेळेच्या बाबतीत पंधरा दिवस म्हटलं की महिना धरा. ढाबळ सुट्या भागात येते, टेरेसवर येऊन नटबोल्टनं जोडून देतात, पण टेम्पोचं भाडं आपलं आणि जिन्यातनं वर चढवायला माणसं पण आपणच बघायची.