फ्लायव्हील बदलले, शाफ्ट ‘बॅलन्स’ केला, कंपन मात्र होते तसेच

इंजिनाची ताकद वाढवून घेतल्यावर गाडी थरथरू लागली की मालक घाबरतो आणि त्या भीतीवर काही गॅरेजवाले धंदा करतात. एकेक भाग बदलत जायचे आणि दर वेळी ‘आता हाच दोष उरला होता’ असे सांगायचे, ही रीत बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही माझ्याकडून ३१ तासांची मजुरी, एक फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचे जड चाक), एक क्लच आणि कधीच न झालेल्या बॅलन्सिंगचे पैसे उकळले गेले, म्हणून हे लिहीत आहे.

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या माझ्या गाडीला टर्बो बसवताना याच गॅरेजने इंजिनाचे मूळ माउंटिंग, म्हणजे ते ज्यावर टेकते ते आधार, काढून उंच आणि कडक माउंटिंग घातले. त्यानंतर ताशी ९६ किलोमीटरला तळातून बारीक, घुमणारे कंपन येऊ लागले. त्या वेगाला मी गाडी न्यूट्रल करून पाहिली होती. इंजिन आयडलवर उतरले तरी कंपन टिकून राहिले, आणि उभ्या गाडीत इंजिन कितीही फिरवले तरी ते येत नव्हते. म्हणजे दोष इंजिनात किंवा क्लचमध्ये नव्हे, गिअरबॉक्सच्या मागे होता. हे मी त्यांना लेखी दिले होते. तरीही पहिले बिल आले ते फ्लायव्हील आणि क्लचचे, ११ तासांच्या मजुरीसह. जुने फ्लायव्हील मागितले, तर ते भंगारात गेले होते. जुना भाग हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

दुसरे बिल शाफ्ट बॅलन्सिंगचे, ६ तासांचे. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारी फिरती नळी. अहवाल मागितला तेव्हा ‘आमचे मशीन कागद देत नाही’ असे उत्तर मिळाले, आणि तिथेच मी हिशेब थांबवायला हवा होता. शाफ्टचा असमतोल दुरुस्त केला की नळीवर नव्या वजनाची पट्टी जोडल्याची किंवा जुनी काढल्याची खूण राहतेच. गाडी लिफ्टवर असताना मी खालून पाहिले होते: कारखान्यातल्या पट्ट्या, त्यांच्या कडेचा गंज, वरचा रंग, सारे जसेच्या तसे होते आणि फ्लँजच्या, म्हणजे शाफ्ट जोडणाऱ्या चकतीच्या, बोल्टांवर पाना लागल्याचा ओरखडासुद्धा नव्हता. शाफ्ट गाडीतून उतरलाच नव्हता. पण ज्या माणसाने माझे इंजिन उघडून व्यवस्थित जोडले, तो न केलेल्या कामाचे बिल लावील असे कोणाच्या मनात येईल? विश्वास ठेवणे हा गुन्हा नव्हे. त्या विश्वासाचे पैसे करणे हा गुन्हा आहे. त्यानंतर डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टची ताकद मागच्या चाकांना वाटणारी गिअरपेटी, उघडण्याचे आणखी १४ तास लावले गेले.

अखेर दुसऱ्या कारागिराने अंशमापक लावला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना कोनात फिरू देणारा सांधा असतो, त्याला क्रॉस म्हणतात. पुढच्या क्रॉसचा कोन ३.४ अंश आणि मागच्याचा १.१ अंश निघाला. उंच माउंटिंगमुळे इंजिनाचे तोंड वर गेले होते आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकली होती. कोनात फिरणारा क्रॉस शाफ्टची गती प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त करतो, आणि दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे असले तरच ही चढउतार एकमेकींना खोडते. माझ्या चाकाचा परीघ २ मीटर आणि डिफरन्शियलचे प्रमाण ३.७५ आहे, त्यामुळे ताशी ९६ ला शाफ्ट सेकंदाला ५० फेऱ्या घेतो. कंपनमापकाने १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १०० कंपने, फेरीला दोन, दाखवले. निव्वळ असमतोल असता तर ५० दाखवले असते! गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली १२ मिलिमीटरची पट्टी घातल्यावर कोन २.१ आणि १.६ अंश झाले आणि कंपन गेले. माउंटिंग बदलणाऱ्याने हे कोन त्याच दिवशी मोजायला हवे होते.

बॅलन्सिंगला शाफ्ट देणार असाल, तर आधी नळीवर आणि दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करून फोटो काढा, आणि आधीचा व नंतरचा असमतोल ग्रॅम-मिलिमीटरमध्ये लिहून मागा.

पोलिसांनी ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्ज परत केला. ग्राहक तक्रार कक्षाने तज्ज्ञाचा दाखला मागितला. तो आणल्यावर तज्ज्ञ मान्यताप्राप्त नसल्याचे सांगितले. मान्यताप्राप्त तज्ज्ञांची नावे मागितली, तर अशी यादी त्यांच्याकडे नव्हती. वाहन नोंदणी कार्यालयाने खोट्या बिलांकडे पाहिलेही नाही, उलट बदललेल्या इंजिनाची परवानगी घेतली होती का, एवढेच मला दरडावून विचारले. परवानगी माझ्याकडे होती, आणि तिच्या प्रतीसह न हललेल्या बोल्टांचे फोटो मी त्याच टेबलावर ठेवले, तेव्हा ‘हा विषय आमचा नाही’ म्हणून ते माझ्याकडे परत सरकवण्यात आले. ती तक्रार मी आता वरच्या अधिकाऱ्यांकडे लेखी दिली आहे आणि पोच घेतली आहे.